रक्ती हगवण : एकाच लॉटमधलं एक पिल्लू मरतं आणि दुसरं तगतं, ते का?

आम्ही कोंबडीची पिल्लं विकतो. पावसाळा लागला की आम्हाला ठरलेला फोन येतो. "एकाच लॉटची पिल्लं नेली. माझी पाच गेली, शेजारच्याचं एकही गेलं नाही. तुमच्या पिल्लांतच खोट होती." प्रश्न रास्त आहे. फोनवर दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिओसिस, आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होते. कोंबडीत त्याचे मुख्य सात प्रकार आढळतात आणि प्रत्येकाची आतड्यातली जागा ठरलेली असते. 'टेनेला' शेवटच्या दोन आंधळ्या आतड्यांत घर करतो. मेलेलं पिल्लू फाडलं की ती दोन्ही आतडी फुगलेली, काळपट लाल दिसतात आणि आत रक्ताच्या गाठी सापडतात. 'असर्व्युलिना' वरच्या आतड्यात राहतो. त्यात सहसा रक्त पडत नाही, नुसतं वजन खुंटतं, त्यामुळे कितीतरी जण खाद्यालाच दोष देत बसतात.

या परजीवीची कवचबंद बीजं विष्ठेतून तुसाच्या गादीवर पडतात. ताजं बी बाधत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत त्याच्या आत आठ जंतू तयार होतात. पिल्लानं ते टिपलं की जंतू आतड्याच्या पेशीत शिरतात, वाढतात, पेशी फोडतात आणि पुढच्या पेशी धरतात. टेनेला असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी शिटेत रक्त दिसतं. फिनेल शिंपडून ही बीजं मरत नाहीत.

आता पिल्लाची बाजू. आतड्याच्या अस्तरात संरक्षक पेशींचा पहारा असतो. या रोगात खरी लढाई टी-पेशी लढतात. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात आणि त्यामुळे पेशीत शिरलेल्या जंतूंची वाढ रोखली जाते. रक्तातल्या प्रतिपिंडांचं काम इथे दुय्यम असतं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी कोंबडीच्या शेपटाकडच्या बर्सा नावाच्या पिशवीत तयार होतात. ती पिशवी काढलेल्या कोंबड्यांनीही पुढच्या लागणीला तोंड दिल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. टी-पेशी ओळख लक्षात ठेवतात, पण भेटलेल्या प्रकारापुरतीच. टेनेलातून तगलेलं पिल्लू दुसऱ्या प्रकाराला नवखंच असतं. कोंबड्यांचे आणखी दोन रोग इथे आड येतात: मरेक्स याच टी-पेशींवर घाला घालतो आणि गंबोरो बर्सा पोखरतो. या दोन रोगांच्या लसी चुकवल्या तर हगवणीचं औषधही तोकडं पडतं.

मग भावंडांत फरक का? थोडा फरक रक्तातला. जंतूची ओळख टी-पेशींना पटवून देणारी जनुकं कोंबडीच्या सोळाव्या गुणसूत्रावर असतात आणि ती घराण्यागणिक वेगळी निघतात. इजिप्तची फायूमी जात टेनेलापुढे लेगहॉर्नपेक्षा जास्त तग धरते, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण "गावरानला काही होत नाही" हा समज आम्हाला पटत नाही. परड्यात आईमागे हिंडणारं पिल्लू रोज दोन-चार बीजं टिपतं आणि हळूहळू तयार होतं. तेच गावरान पिल्लू शंभरांच्या घोळक्यात ओल्या गादीवर ठेवा, ते इतरांसारखंच आजारी पडेल. रक्तानं मिळालेली ताकद ओलीपुढे फार टिकत नाही.

इथे आमची चूक सांगायला हवी. सुरुवातीला आम्ही महिनाभर, विक्रीच्या दिवसापर्यंत, पिल्लांना हगवणीचं औषध देत होतो. आमच्या शेडमध्ये एकही आजारी पडत नसे. ग्राहकाकडे गेल्यावर औषध थांबे, जमीन नवी असे आणि दुसऱ्या आठवड्यात पिल्लं मान टाकत. त्यांच्या टी-पेशींनी परजीवी पाहिलेलाच नव्हता. आता आम्ही पिल्लांना पहिल्याच दिवशी जिवंत लस, म्हणजे याच परजीवीची मोजकी जिवंत बीजं, देतो आणि त्यानंतर हगवणीचं प्रतिबंधक औषध देत नाही. तुम्हीही आजाराची खूण नसताना "असू दे" म्हणून ते पाण्यात घालू नका. लसीतले जंतूच मेले तर ओळख कुणाशी व्हायची?

बीजं शून्यावर आणणं शक्य नाही. ती थोडकी ठेवणं मात्र हातात आहे. पाण्याच्या भांड्याजवळचं मूठभर तूस घट्ट दाबून पाहा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे. भुगा झाला तर ठीक. ओलं तूस खरवडून बाहेर काढा, कोरडं घाला, भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगा. गगनबावडा, राधानगरीकडे पावसात आठवडाभर ऊन पडत नाही, तेव्हा कोरडं तूस जूनआधीच पोत्यांत भरून ठेवा. नव्या पिल्लांना मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात सोडू नका. मोठी कोंबडी धडधाकट दिसत असली तरी तिच्या शिटेत बीजं असू शकतात.

पिल्लं पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा झाली, तुरा फिका पडला, शिटेत रक्त दिसलं, की त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात जा. ॲम्प्रोलियम हे हगवणीचं औषध सुरू केलं असेल तर त्या दिवसांत बी-१ असलेलं व्हिटॅमिन देऊ नका. हे औषध जंतूचं बी-१ अडवूनच काम करतं. मेलेलं पिल्लू उकिरड्यावर टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून, शक्य तितकं थंड ठेवून, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सोबत ताजी शीटही डबीत घ्या. कोणता प्रकार आहे ते कळलं की आम्हालाही कळवा, त्याच लॉटची पिल्लं नेलेल्या बाकीच्यांना आम्ही फोन करतो.