शिंपले २६ की ५०? ‘लिंक्स अवेकनिंग’च्या तीन आवृत्त्यांची पार्श्वभूमी

सोलापुरात हातातल्या कन्सोलवरच्या गेमचा विषय निघाला आणि बोलणं निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतल्या ‘लिंक्स अवेकनिंग’वर आलं (लिंक हा त्याचा नायक), की एका मुद्द्यावर गाडी अडतेच: हा गेम ‘फुल’ झाला, म्हणजे त्यातलं सगळं मिळवून झालं, असं कधी म्हणायचं? एकाच्या मते बेटावर लपलेले शिंपले २६ गोळा झाले की. दुसरा ५० वरून हटत नाही. तिसऱ्याचं म्हणणं, बारा फोटो नसतील तर बाकीचं मोजूच नका. तिघंही बरोबर असतात, कारण तिघांनी वेगवेगळे गेम खेळलेले असतात. नाव एक, बेटाचा नकाशा जवळपास एक, पण आवृत्त्या तीन: १९९३, १९९८ आणि २०१९. कुठली आवृत्ती हे आधी विचारलं तर निम्मा वाद तिथेच मिटतो. उरलेला निम्मा मात्र खरा आहे, आणि त्याचं मूळ १९९३ च्या यंत्रात आहे.

निन्टेंडोने गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ ला आणला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणावेत तर करड्या-हिरव्याच्या चार छटा, चार पेन्सिल सेल, आणि कामाची बटणं दोनच, ए आणि बी. स्टार्ट आणि सिलेक्ट मेनू आणि नकाशापुरती. झेल्डा मालिकेचा त्याआधीचा गेम १९९१ मध्ये सुपर फॅमिकॉम या घरच्या कन्सोलवर आला होता. त्या कंट्रोलरवर चार बटणं समोर आणि दोन खांद्यावर होती. तो संपल्यावर काझुआकी मोरिता या प्रोग्रामरने कामाचे तास संपल्यावर गेम बॉयवर झेल्डासारखं काही चालतं का, हे करून बघायला सुरुवात केली. हळूहळू आणखी सहकारी त्यात आले, कंपनीने त्याला अधिकृत काम म्हणून मान्यता दिली, दिग्दर्शन ताकाशी तेझुका यांच्याकडे आलं आणि जून १९९३ मध्ये गेम जपानच्या दुकानांत पोचला. कार्टमध्ये (गेमच्या कार्ट्रिजमध्ये) अख्खं कोहोलिंट बेट, आठ डंजन (शेवटी मोठा शत्रू, म्हणजे बॉस, असलेले चक्रव्यूह), आठ वाद्यं आणि डोंगरावरच्या अंड्यात झोपलेला विंड फिश, हे सगळं ५१२ किलोबाइटमध्ये बसवलेलं होतं.

दोनच बटणं, हीच या गेममधल्या बॉसच्या अवघडपणाची किल्ली आहे. तलवारसुद्धा इथे कायमची हातात नसते. तलवार, ढाल, पिसाची उडी, धावायचे बूट, ब्रेसलेट, धनुष्य, सगळं ए किंवा बी वर बसवावं लागतं आणि बदलायचं तर स्टार्ट दाबून मेनूत जावं लागतं. म्हणजे बॉससमोर उभं राहण्याआधीच ठरवावं लागतं की कुठल्या दोन वस्तू लागणार. चुकीची जोडी घेऊन आत गेलेला खेळाडू हरतो आणि ‘बॉस लय कडक आहे’ म्हणतो. बॉस तेवढा कडक नसतो.

पहिल्याच डंजनचा मोलडॉर्म घ्या. त्याला फक्त शेपटीच्या टोकावर मार लागतो. मार बसला की तो चवताळून वेग घेतो, आणि त्याच्या अंगाचा धक्का लागला की तुम्ही मागे फेकले जाता. खोलीच्या कडेला खड्डे आहेत. खड्ड्यात पडलात की खालच्या मजल्यावर, आणि जिना चढून परत येईपर्यंत मोलडॉर्म पुन्हा ताजातवाना. तेव्हा इथे खरा शत्रू कड आहे. ढाल काढून ठेवा, एका बटणावर तलवार, दुसऱ्यावर त्याच डंजनमध्ये मिळालेलं पीस. तलवारीचं बटण दाबून धरत खोलीच्या मध्यावर राहा, तो अंगावर आला की त्याच्यावरून उडी मारा आणि शेपटी जवळून जाताना बटण सोडून गिरकीचा वार करा. पाठलाग करू नका. पाठलाग करणाराच खड्ड्यात जातो.

तिसऱ्या डंजनमध्ये बऱ्याच जणांचा गेम अडकून पडतो तो वेगळ्या कारणाने. बॉसच्या खोलीत जावं तर बॉसच नाही! तो छताला चिकटलेला असतो. बूट घालून भिंतीला धडक दिली की स्लाइम आय खाली पडतो. मग डोळ्यावर वार करत राहायचं. तो ताणला जाऊन मधे बारीक झाला, की तलवार थांबवून बुटांनी नेमक्या त्या बारीक जागेतून धडक मारायची. दोन तुकडे होतात आणि दोन्ही उड्या मारायला लागतात. ते जमिनीवर आदळतात तेव्हा हादऱ्याने लिंक क्षणभर गोठतो, म्हणून आदळण्याच्या क्षणी तुम्ही पिसाने हवेत पाहिजे. बूट, तलवार, पीस: तीन वस्तू, बटणं दोन. मध्ये एकदा तरी मेनू उघडावाच लागतो, आणि तो तुकडे झाल्या झाल्या उघडलेला बरा.

दुसऱ्या डंजनच्या जिनीची गोष्टही अशीच. बाटलीला तलवार मारत बसणाऱ्याला वाटतं, याला मरणच नाही. एक वार करून बाटली थांबवायची, ब्रेसलेटने उचलायची आणि भिंतीवर आपटायची. हे तीनदा केल्यावर बाटली फुटते आणि मगच तलवारीचं काम सुरू होतं. सातव्या डंजनचा इव्हिल ईगल मनोऱ्याच्या टोकावर लढतो. पंखांच्या वाऱ्याने तो तुम्हाला कडेवरून ढकलतो, त्यामुळे वाऱ्याच्या वेळी दिशेचं बटण वाऱ्याविरुद्ध दाबलेलं आणि त्याच मनोऱ्यात मिळणारी आरशाची ढाल समोर, हे दोन्ही लागतं.

शेवटच्या अंड्यात जाण्याआधी पिशवी तपासा. तिथलं दुःस्वप्न एकामागून एक रूपं घेतं आणि पहिल्या रूपावर तलवार चालत नाही, जादूची पावडर टाकावी लागते. पावडर संपलेली असेल तर सगळी चढण वाया. सुरुवातीची मर्यादा २० आहे. मॅड बॅटर हे पात्र भेटलं तर ४० होते, आणि बाण व बॉम्ब ३० चे ६०. शेवटचं रूप डेथआय. त्याचे दोन हात फिरत असतात, मधला डोळा थोडाच वेळ उघडतो. त्याला धनुष्याने मारायचं तर हात चुकवायला पीस आणि मारायला धनुष्य अशी दोन्ही बटणं भरतात. म्हणजे ज्या तलवारीवर अख्खा गेम काढला, ती इथे हातातच नसते. हे मला या गेममधलं सर्वात देखणं काम वाटतं: शेवटच्या क्षणी तो तुमची सवय काढून घेतो.

आता ‘फुल’चा प्रश्न. मेट्रॉइड फ्यूजन (२००२) या गेम बॉय ॲडव्हान्सच्या गेममध्ये ऊर्जेच्या २०, क्षेपणास्त्रांच्या ४८ आणि पॉवर बॉम्बच्या ३२ अशा बरोबर १०० टाक्या आहेत, आणि शेवटी पडद्यावर टक्के येतात. तिथे वादाला जागाच नाही. १९९३ चा लिंक्स अवेकनिंग टक्के दाखवत नाही. तो एकच हिशोब चोख ठेवतो: फाइलच्या (तुमच्या साठवलेल्या खेळाच्या) नावाखाली तुम्ही किती वेळा मेलात तो आकडा. तो शून्य असेल तर शेवटच्या दृश्यानंतर बेटावरची मुलगी मॅरिन आकाशात दिसते, १९९३ मध्ये पंख लावलेली, १९९८ च्या आवृत्तीत सीगलसह. म्हणून जुन्या खेळाडूंसाठी ‘फुल’चा पहिला अर्थ शून्य मरण हाच होता, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण गेम स्वतः बक्षीस देतो ते याच गोष्टीचं.

शून्य मरणाला मोठा धोका मेबे गावातल्या दुकानाचा. तिथलं धनुष्य ९८० रुपीचं (हे गेममधलं चलन) आहे आणि थैलीत मावतात ९९९. एवढे साठवायचा कंटाळा आला की चोरीचा मोह होतो: वस्तू उचलायची, दुकानदाराभोवती भरभर फिरायचं, त्याची पाठ वळली की दाराबाहेर. वस्तू मिळते, पण त्यानंतर सगळे तुम्हाला ‘थीफ’ म्हणूनच हाक मारतात आणि पुन्हा दुकानात पाय ठेवलात तर दुकानदार एका झटक्यात मारतो. झालं, एक मरण फाइलवर चढलं.

शिंपल्यांचं गणितही सरळ नाही. १९९३ मध्ये बेटावर एकूण २६ शिंपले, पण सीशेल मॅन्शन या वाड्यात त्यांच्या बदल्यात जास्त ताकदीची तलवार मिळते ती २० वर. बरोबर ५ आणि बरोबर १० शिंपले असताना मॅन्शनमध्ये गेलं तर एकेक जास्तीचा मिळतो. ६ किंवा ११ घेऊन गेलात तर ती संधी हुकते. तलवार मिळाल्यावर उरलेले शिंपले सापडणंच बंद होतं. त्यामुळे या आवृत्तीत ‘माझे २६ झाले’ या दाव्यापेक्षा ‘तलवार मिळाली’ हा दावा जास्त अर्थाचा. हृदयांचं मात्र स्वच्छ आहे: सुरुवातीची ३, डंजनची ८ आणि १२ तुकड्यांची ३, एकूण १४.

डिसेंबर १९९८ ची डीएक्स आवृत्ती गेम बॉय कलरसाठी आली. स्मशानातले दगड ठराविक क्रमाने ढकलले की उघडणारं रंगांचं डंजन त्यात आहे. जुन्या करड्या गेम बॉयवर हीच कार्ट चालते, पण ते डंजन उघडत नाही. आतून लाल किंवा निळा अंगरखा मिळतो. लाल घेतला की वार जड होतात आणि शेवटचे बॉस बरेच मऊ पडतात. आणि मग आले ठराविक प्रसंगी निघणारे बारा फोटो. खरी अडचण इथे सुरू झाली. मॅरिन तुमच्याबरोबर फिरत असते त्याच काळात गावच्या विहिरीत उडी मारली तरच तिच्याबरोबरचा एक फोटो निघतो. वाट अडवून झोपलेल्या वॉलरसला उठवून ती परत गेली की संपलं. आणि एक फोटो चोरीचा आहे. म्हणजे अल्बम पूर्ण करायचा तर नाव घालवायचं. शून्य मरण आणि बारा फोटो दोन्ही एकाच फाइलवर जमतं, पण दुकानातली सगळी खरेदी आधी आटपून, चोरी अगदी शेवटी करून आणि त्या दारात पुन्हा न जाता.

२० सप्टेंबर २०१९ ची निन्टेंडो स्विचवरची आवृत्ती ग्रेझो या कंपनीने बांधली. शिंपले ५० झाले, तलवार ४० वर गेली, १५ वर शिंपला जवळ आला की आवाज करणारं यंत्र मिळू लागलं, हृदयाचे तुकडे ३२ आणि एकूण हृदयं २० झाली. तलवार, ढाल, बूट आणि ब्रेसलेटला स्वतंत्र बटणं मिळाली आणि बदलत्या वस्तूंसाठी आणखी दोन उरली. वर सांगितलेला स्लाइम आय या आवृत्तीत मेनू न उघडता मारता येतो. बॉस सोपे झाल्याची तक्रार इथूनच येते. भरपाई म्हणून हीरो मोड आहे: मार दुप्पट, आणि गवतातून किंवा शत्रूंकडून हृदयं मिळत नाहीत. १९९३ चा मोलडॉर्म आणि २०१९ चा हीरो मोडमधला मोलडॉर्म यांची तुलना करायची तर हे दोन्ही बदल धरूनच करावी.

आपल्याकडे हा गेम पोचला तो बहुतेकांच्या बाबतीत कार्टमधून नव्हे, तर आधी कॉम्प्युटरवरच्या आणि नंतर मोबाइलवरच्या इम्युलेटरमधून (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून). त्यातून काही अडचणी आल्या ज्या मूळ खेळाडूंना नव्हत्या. पहिली सेव्हची. जुन्या दोन्ही आवृत्त्यांत सेव्हचा पडदा उघडायला ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट चारही एकदम दाबावी लागतात. टच स्क्रीनवर दोन अंगठ्यांनी ते होत नाही. सेटिंगमध्ये चारही मिळून एक बटण तयार करा किंवा ब्लूटूथ कंट्रोलर घ्या. ते न जमल्यामुळे लोक इम्युलेटरच्या सेव्ह स्टेटवर (त्या क्षणाच्या जशाच्या तशा नोंदीवर) राहतात. जुनी स्टेट लोड केली की गेमच्या आतला सेव्हही त्या जुन्या वेळेवर जातो आणि मधली मेहनत पुसली जाते. शिवाय बॉसपाशी स्टेट टाकून शून्य मरण केलं, तर आकडा शून्यच दिसणार. अशी फाइल वेगळी सांगावी, एवढं पथ्य पाळलं तरी पुरे. तीच गोष्ट १९९३ च्या कार्टमधल्या सिलेक्टच्या चुकीची: पडदा सरकण्याच्या नेमक्या क्षणी सिलेक्ट दाबलं की लिंक पुढच्या पडद्याच्या भलत्या बाजूला निघतो. डीएक्समध्ये ती बुजवली.

दुसरी अडचण भाषेची. मराठी, तेलुगू, कन्नड घरांतून आलेल्या सोलापूरच्या पोरांसमोर गेमचे सगळे इशारे इंग्रजीत. लढाई त्याने अडत नाही, अंडं अडतं. अंड्यातला चकवा पार करायचा रस्ता गावच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात आहे आणि ते वाचायला भिंग लागतं. भिंग मिळतं ते क्रेनच्या खेळातल्या योशीच्या बाहुलीपासून सुरू होणाऱ्या चौदा वस्तूंच्या अदलाबदलीच्या शेवटी. दोस्ताच्या वहीतून रस्ता उतरवून घेणं बऱ्याचदा फसतं, कारण तो फाइलगणिक बदलतो. आपल्या फाइलचं पुस्तक आपणच वाचावं लागतं.

सेकंडहँड कार्ट विकत घेणाऱ्यांसाठी शेवटची गोष्ट. १९९३ च्या कार्टमधली ८ किलोबाइटची सेव्ह मेमरी ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या सेलवर जगते आणि मूळ सेल आता तीस वर्षांपुढचा आहे. गेम सुरू होतो, सेव्हही होतो, बंद करून चालू केलं की फाइल गायब: सेल संपल्याची ही खूण. कार्ट उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, साध्या पेचकसने स्क्रूचं डोकं खराब होतं. जुन्या सेलवर छापलेला क्रमांक पाहून त्याच क्रमांकाचा, पत्र्याचे पाय लावलेला सेल घ्या. सुट्या सेलवर थेट सोल्डरिंगचा डाग देऊ देऊ नका, उष्णतेने तो फुटू शकतो. अधिक-उणे बाजू काढण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि सेल निघाला की आतला सेव्ह जातो, तेव्हा शून्य मरणाची फाइल त्यात असेल तर आधी कार्ट वाचणाऱ्या यंत्राने तिची प्रत काढून घ्या.