योग्य क्रम लेबलवर पाहावा: न निघालेल्या ‘स्माइल’ची गोष्ट

बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या ‘स्माइल’ या अल्बमचं कव्हर १९६७ उजाडता उजाडता तयार होतं. कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्या चार लाखांवर प्रती छापून ठेवल्या होत्या. मागच्या बाजूला बारा गाण्यांची नावं आणि सोबत एक सूचना: वाजवण्याचा योग्य क्रम लेबलवर पाहावा. तबकडी निघालीच नाही, तेव्हा तिच्या मधोमध चिकटवायचं लेबल कुठलं आणि क्रम कुठला! आवडत्या बँडचा ‘खरा’ अल्बम मनातल्या मनात जुळवायचा खेळ रॉकचे चाहते गेली कित्येक वर्षं खेळताहेत. त्यातला सगळ्यात लांबलेला डाव या सूचनेपासून सुरू होतो.

अल्बमला स्वतःचा असा घाट असतो, ही कल्पनाच तेव्हा पॉपमध्ये नवी होती. एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, आली १९४८ मध्ये. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली, पण बरीच वर्षं तिच्यावर दोन-तीन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड असाच मामला असे. बीच बॉइजचा कर्ताधर्ता ब्रायन विल्सन याला हलवलं ते बीटल्सच्या डिसेंबर १९६५ मधल्या ‘रबर सोल’नं. एकही गाणं भरतीचं नाही, सगळी एका घरातली, असं त्याला वाटलं. गंमत अशी की त्यानं ऐकला तो अमेरिकी ‘रबर सोल’. मूळ ब्रिटिश अल्बममधल्या चौदा गाण्यांपैकी चार कॅपिटलनं काढली होती आणि आधीच्या अल्बममधली दोन घुसवली होती. म्हणजे ज्या एकजीवपणावर तो भाळला, त्यात कंपनीच्या कात्रीचाही वाटा होता.

उत्तर म्हणून मे १९६६ मध्ये बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ आला. त्यानंतरचं ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे एकच गाणं विल्सननं लॉस एंजेलिसच्या वेगवेगळ्या स्टुडिओंत कित्येक महिने तुकड्यातुकड्यानं रेकॉर्ड केलं, मग टेप कापून जोडून उभं केलं. ‘स्माइल’ही त्याच रीतीनं करायचं ठरलं. शब्द व्हॅन डाइक पार्क्सचे. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचे तुकडे साठत गेले, आणि तेच नडलं. गोधडीसाठी चिंध्या जमवाव्यात आणि कुठली कुठं लावायची हे ठाऊक असलेली बाईच उठून जावी, तसं झालं.

ती का उठली याची कारणं अनेक सांगतात: गीतांवरून बँडमधली कुरबुर, कंपनीशी कोर्टकचेरी, अमली पदार्थ, विल्सनची ढासळती मनःस्थिती. चार महाभूतांवरच्या रचनेतला (आपली पाच, तिकडं चारच) अग्नीचा भाग नोव्हेंबर १९६६ मध्ये रेकॉर्ड झाला. वादकांच्या डोक्यावर बंबवाल्यांची खेळण्यातली शिरस्त्राणं होती. त्याच सुमारास जवळपास आग लागल्याचं कळलं, तेव्हा आपल्या संगीतानंच ती लावली की काय, या भीतीनं त्यानं तो भाग बाजूला टाकला. मे १९६७ मध्ये सगळा अल्बमच बारगळला आणि सप्टेंबरमध्ये ‘स्मायली स्माइल’ नावाचा साधासा अल्बम निघाला.

ऐंशीच्या दशकात स्टुडिओतल्या टेपच्या चोरट्या प्रती फिरू लागल्या आणि चाहत्यांच्या हाती चिंध्या आल्या. साठ-नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर दुकानदाराकडून निवडक गाणी भरून घेताना, बाजू संपताना गाणं मधेच तुटू नये म्हणून मिनिटांचा हिशेब करणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला यातली चटक समजेल. फरक एवढाच की इथं गाणीसुद्धा अर्धवट होती. अग्नी सापडला, पण वायू कुठला? भाज्यांवरचं गाणं म्हणजे पृथ्वी का? १९९३ च्या एका संचात कंपनीनं अर्ध्या तासाचं साहित्य अधिकृतपणे दिलं. मग घरोघरी संगणक आले आणि ज्याचा त्याचा ‘स्माइल’ तयार झाला.

सदतीस वर्षांनी, २० फेब्रुवारी २००४ रोजी, विल्सननं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये स्वतःचा ‘स्माइल’ सादर केला, तीन भागांत. जुने तुकडे लॅपटॉपवर भरून त्याच्यासमोर मांडणारा त्याच्या वाद्यवृंदातला डॅरियन सहानाजा हा स्वतः कट्टर चाहता. त्यामुळे हा क्रम १९६६ चा की २००४ चा, यावर वाद घालणाऱ्यांना नवं खाद्य मिळालं. २०११ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणं बाहेर आली तीही याच आराखड्यावर बेतून. पण मोठ्या संचात सुटे तुकडे भरपूर होते, जणू कंपनीनंच सांगितलं, घ्या, तुम्हीच जोडा. या संचाला ऐतिहासिक अल्बमचं ग्रॅमीही मिळालं.

बीटल्सचे चाहते दोन उलटे डाव खेळतात. नोव्हेंबर १९६८ च्या पांढऱ्या कव्हरच्या, दोन तबकड्यांच्या जोड-अल्बममधली तीस गाणी छाटून ते एक तबकडी करतात. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनाही तेच हवं होतं. दुसरा डाव म्हणजे बँड फुटल्यावर चौघांनी वेगवेगळी काढलेली गाणी एकत्र करून न झालेला अल्बम रचणं. हा निव्वळ कल्पनाविलास वाटे. पण २०१९ मध्ये इतिहासकार मार्क लुइसन यांनी ८ सप्टेंबर १९६९ च्या बीटल्सच्या बैठकीची टेप ऐकवली. तीत जॉन लेनन पुढच्या अल्बमची वाटणी सुचवतो: त्याची, पॉल मॅकार्टनीची आणि जॉर्ज हॅरिसनची चार-चार गाणी, आणि रिंगोला हवी असतील तर दोन. बेरीज चौदा, म्हणजे ब्रिटिश ‘रबर सोल’एवढीच.