बेलीफाने धंद्याची गाडी जप्त केली तर: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात आणि मुदत कुठे हुकते

धंद्याच्या उधारीपोटी कोर्टाचा बेलीफ टेम्पो घेऊन गेला की माणूस आधी पोलीस स्टेशनला धावतो, मग आरटीओत. दोन्हीकडून हात हलवत परत येतो. कोर्टाच्या हुकमाने गेलेली गाडी कोर्टाच्याच हुकमाने परत मिळते, आणि त्यासाठीचा अर्ज ज्या दरखास्तीत, म्हणजे कोर्टाच्या निकालाची रक्कम वसूल करून मागणाऱ्या ज्या प्रकरणात, जप्ती झाली त्याच दरखास्तीत द्यावा लागतो. वागळे इस्टेट, महापे, तुर्भे इथले छोटे वाहतूकदार आणि गाळेवाले यात पुन्हापुन्हा अडकतात. त्यांचे अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा बाजू खोटी असते म्हणून नव्हे. पैसे दिलेले असतात, पण कोर्टात नोंद नसते. गाडी विकत घेतलेली असते, पण आरसी जुन्याच मालकाच्या नावावर असते.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी न्यायला आलेला माणूस कोण आहे ते बघा. बेलीफाकडे जप्ती वॉरंट असतं. त्यावर कोर्टाचा शिक्का, न्यायाधीशांची किंवा कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याची सही, दरखास्त क्रमांक आणि कोणत्या तारखेपर्यंत बजावणी करायची ते लिहिलेलं असतं. ही तारीख जरूर वाचा. वॉरंटचा फोटो काढून घ्या, निदान दरखास्त क्रमांक तरी टिपून ठेवा. तो मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख सापडते. वॉरंट न दाखवता किल्ली मागणारा माणूस फायनान्स कंपनीचा वसुलीवाला असू शकतो. तो मार्ग वेगळा, त्यातलं भांडण कर्जाच्या करारावरचं. तिथे दांडगाई झाली तर पोलिसांत तक्रार करता येते. गुंडांकरवी वसुली चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बँकांना सुनावलेलं आहे.

बेलीफ खरा असेल तर गाडीसमोर आडवे पडू नका, ड्रायव्हरला किल्ली घेऊन पळवू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा अंगावर येतो आणि मूळ भांडण बाजूलाच राहतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी घरात शिरता येत नाही, हे खरं आहे. पण तो नियम राहत्या घराचा आहे. एपीएमसीच्या गेटबाहेर लावलेल्या ट्रकला त्याचं संरक्षण मिळेल असं समजू नका.

तुमचं खरं काम पंचनाम्याच्या वेळी असतं, आणि नेमकं तेव्हाच सगळे फोनवर असतात. ‘एक टेम्पो, चालू स्थितीत’ एवढंच लिहिलेला पंचनामा पुढे कशालाच उपयोगी पडत नाही. किलोमीटरचा आकडा, टायरची अवस्था, स्टेपनी, बॅटरी, जॅक, ताडपत्री, आत असलेले कागद, हे सगळं लिहून घ्यायला सांगा. बेलीफ घाईत असेल तर त्याच्यासमोर सगळ्याचे फोटो काढा. गाडीत दुसऱ्या कोणाचा माल असेल तर चलन आणि ई-वे बिल दाखवून तो माल कोणाचा आहे याची नोंद करून घ्या. ती राहिली तर मालवाल्यालाही कोर्टात अर्ज करत बसावं लागतं आणि तुमचं गिऱ्हाईक कायमचं जातं.

जागेवर पैसे द्यायचे असतील तर वॉरंटवरची रक्कम आणि खर्च मोजून पावती घ्यावी, पंचनाम्यात नोंद करावी. कोणाच्याही वैयक्तिक मोबाइल नंबरवर पैसे पाठवू नका, मग तो कितीही भला माणूस असो. त्यापेक्षा कोर्टात नाझरकडे, म्हणजे कोर्टातले पैसे आणि जप्त माल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, रक्कम भरणं केव्हाही चांगलं.

कोर्ट कोणतं, यावरही बरेच दिवस वाया जातात. ऐरोली ते बेलापूर ही नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. गाडीची पाटी एमएच ०४ आहे, ४३ आहे की ४६, यावर काहीही ठरत नाही. वॉरंट ज्या कोर्टाचं, अर्ज तिथेच.

हुकूमनामा (दाव्याचा अंतिम निकाल, म्हणजे डिक्री) दुसऱ्या शहरातल्या कोर्टाचा असून बजावणीसाठी ठाण्याला पाठवलेला असेल, तर आणखी एक अडचण असते. बजावणी करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या पलीकडे जात नाही. ‘मुळात मी एवढं देणं लागतच नाही’ हे तिथे ऐकलं जाणार नाही. ते म्हणणं मूळ कोर्टात मांडायचं. मात्र तिकडे जाऊन स्थगिती आणायला वाजवी वेळ मिळावा म्हणून इथल्या कोर्टाकडे थोडी मुदत मागता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २६ मध्ये तशी तरतूद आहे. कोर्ट त्यासाठी तारणही मागू शकतं, त्याची तयारी ठेवून जा.

अर्ज कोण करू शकतो? ज्याच्यावर हुकूमनामा आहे तो, म्हणजे ऋणको. शिवाय गाडी आपली आहे असं सांगणारा तिसरा माणूस, आणि गाडीवर कर्ज दिलेली बँक किंवा फायनान्स कंपनी.

ऋणको बहुतेकदा एकच मुद्दा घेऊन येतो: टेम्पो हे माझं पोट आहे, तो जप्त कसा होईल? संहितेच्या कलम ६० मध्ये कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळली आहेत, ते कुणीतरी सांगितलेलं असतं. पण भाड्यावर चालणारा टेम्पो म्हणजे सुताराचा रंधा, असं कोर्टाला पटवणं फार अवघड आहे. टेम्पोवर घर चालतं हे खरंच असतं, तरी केवळ त्या मुद्द्यावर अर्ज उभा करू नका.

आता सगळ्यात जास्त माणसं जिथे बुडतात ते सांगतो. उधारीवाला आणि तुम्ही बाहेर बसून तडजोड करता, तुम्ही रोख रक्कम देता, तो म्हणतो ‘दरखास्त काढून घेतो’. तो काढत नाही. काही महिन्यांनी बेलीफ दारात. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले तर डिक्रीदाराने, म्हणजे ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याने, ते कोर्टाला कळवायचे असतात. त्याने कळवले नाहीत तर ऋणकोने स्वतः अर्ज करून नोंद करून घ्यायची असते, आणि त्यासाठी मुदत आहे पैसे दिल्यापासून ३० दिवस. लोक समजतात ३० दिवस जप्तीपासून. तसं नाही! नोंद न झालेली फेड बजावणी करणारं कोर्ट विचारातच घेत नाही. त्यातही तुमच्या अर्जावर नोंद व्हायला लेखी पुरावा हवा किंवा समोरच्याने कबूल करायला हवं. वहीत लिहिलेला आकडा आणि दोन साक्षीदार पुरत नाहीत. म्हणून पैसे बँकेतून द्या, आणि ज्या दिवशी द्याल त्याच तारखेला समोरच्याच्या वकिलाकडून फेडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, दाखल करून घ्या. पुरसीस हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगतो.

हप्त्यांचंही असंच. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी भरू द्या, असा अर्ज करण्याची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस आहे आणि त्याला डिक्रीदाराची संमती लागते. गाडी गेल्यावर कोर्टाकडून हप्ते पाडून मिळतील या भरवशावर राहू नका. समोरचा राजी असेल तर तडजोड लिहून कोर्टात नोंदवणं हा रस्ता तेव्हाही मोकळा असतो. लोकअदालतीतही ती होऊ शकते.

‘मला दाव्याचं समन्सच मिळालं नव्हतं’ हे बरेचदा अगदी खरं असतं. गाळा कधीच सोडलेला, समन्स जुन्या पत्त्यावर चिकटवलेलं. अशा एकतर्फी हुकूमनाम्याविरुद्धचा अर्ज तो देणाऱ्या कोर्टात करायचा. मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस, आणि समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस. बेलीफ दारात आला तो दिवस कळल्याचा धरला जाईल असंच समजून चाला. दावा समरी, म्हणजे लेखी कागदांच्या आधारे झटपट चालवायचा, असेल तर नियम वेगळा लागतो, वकिलाला पहिल्याच भेटीत ते विचारा. नुसता अर्ज किंवा अपील दाखल केल्याने लिलाव थांबत नाही. स्थगितीचा वेगळा हुकूम लागतो. लवादाच्या निवाड्याचंही तेच: आव्हान दिलं म्हणजे आपोआप स्टे मिळाला असं होत नाही.

गाडी तिसऱ्याची असेल तर हरकत अर्ज आदेश २१, नियम ५८ खाली. लिलाव होऊन गेला की हा अर्ज ऐकलाच जात नाही, आणि मुद्दाम उशीर केला असं कोर्टाला वाटलं तरीही नाही. जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालाच्या लिलावाची जाहीर सूचना कोर्टात लागल्यापासून किमान ७ दिवस जावे लागतात, म्हणजे हातात वेळ फार थोडा असतो. या अर्जावरचा निकाल हुकूमनाम्यासारखाच असतो. तो विरुद्ध गेला तर अपील करावं लागतं, नवा दावा करता येत नाही. म्हणून कागद पहिल्याच वेळी पूर्ण लावा.

आणि इथे तो कागद निघत नाही, जो कुणाकडेच नसतो: जप्तीच्या आधीच्या तारखेचा, पैशाच्या मागाने सिद्ध होणारा विक्रीचा पुरावा. जुना टेम्पो घेताना विकणाऱ्याच्या सहीचे कोरे फॉर्म २९ आणि ३० घ्यायचे, ते डॅशबोर्डच्या खणात ठेवायचे आणि गाडी तशीच पळवायची, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. मोटार वाहन कायद्यानुसार घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घेण्यासाठी कळवायला हवं. ते केलेलं नसतं. मग जुन्या मालकाच्या देण्यापोटी बेलीफ गाडी उचलतो, आणि खणातले कोरे फॉर्म गाडीबरोबरच कोर्टाच्या ताब्यात जातात. अशा माणसाने बँकेचा उतारा, करारनामा, विमा आपल्या नावावर केला असेल तर ती पॉलिसी, दुरुस्तीची बिलं, फास्टॅगचा हिशेब, जे जे जप्तीपूर्वीच्या तारखेचं आहे ते सगळं शपथपत्रासह लावावं. मागच्या तारखेचा करारनामा बनवून देतो म्हणणारा कोर्ट नाक्यावर भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. स्टँपपेपर कधी विकला गेला ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

धंद्याचं रूपही बघावं लागतं. प्रोप्रायटरशिपमध्ये दुकान आणि मालक वेगळे नाहीत, त्यामुळे दुकानाच्या उधारीत मालकाच्या नावची गाडी जाऊ शकते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मात्र वेगळी व्यक्ती आहे. संचालकावरच्या वैयक्तिक हुकूमनाम्यात कंपनीची गाडी नेली असेल तर कंपनीने हरकत घ्यावी. त्यासाठी कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आणि अर्जावर सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव लागतो. ठराव नाही म्हणून अर्ज लटकतो, आणि तो तर एका बैठकीचं काम असतं. भागीदारीत, एका भागीदारावरच्या हुकूमनाम्यात फर्मची मालमत्ता जप्त करता येत नाही.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असल्याची, नोंद असते. बँकेला लगेच लेखी कळवा आणि थकबाकीचं पत्र मागा. बँकेचा हक्क बँकेनेच येऊन मांडलेला बरा. तोवर हप्ता बंद करू नका.

बाकी कागद नेहमीचे: आरसी, विमा, ओळखपत्र, गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, जीएसटी, वकीलपत्र. पंचनामा, वॉरंट आणि हुकूमनामा यांच्या नकलांसाठी अर्ज पहिल्याच दिवशी करा. नकला मिळायला लागणारा वेळ हा खरा संतापाचा विषय आहे. लिलावाची तारीख जवळ येत असते आणि खिडकीवर ‘उद्या या’ ऐकावं लागतं. नकलेवाचून अर्ज अडवून धरू नका. ऑनलाइन हुकमाची प्रत लावा, नक्कल मागितल्याची पावती जोडा आणि नक्कल नंतर दाखल करण्याची परवानगी मागा. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

लिलावाच्या दिवसापर्यंत आशा सोडू नका. बोली मान्य होण्याआधी देणं आणि खर्च लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याकडे भरला, किंवा कोर्टात भरल्याचा पुरावा दाखवला, तर लिलाव थांबवावा लागतो.

पूर्ण फेड झाली की जप्ती उठल्याचा हुकूम घ्या, तो नाझरकडे द्या आणि गाडी ताब्यात घेताना पंचनाम्याशी एकेक वस्तू पडताळून मगच सही करा. कोर्टाने जप्तीच्या काळात आरटीओला पत्र दिलं होतं का, हेही तिथेच विचारा. दिलं असेल तर बंदी उठवल्याचं पत्र वेगळं मागावं लागतं. ते आरटीओत देऊन पोच घ्या आणि काही दिवसांनी वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंद निघाली का ते बघा, नाहीतर गाडी विकायला काढाल तेव्हा हस्तांतर तिथे अडेल.