माती काळीभोर, मग कर्ब कमी काहून?

काटोल-कळमेश्वरकडून लॅबला माती घेऊन येणारे भाऊ रिपोर्ट हातात पडला की हाच प्रश्न करतात, आणि अर्ध्या लोकांना वाटतं मशीनच बिघडली. तर आधी हे सांगतो, काळा रंग म्हणजे कस नाही. आपल्या काळ्या मातीत थोडंसंच सेंद्रिय द्रव्य चिकणमातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटून बसलेलं असतं, तेवढ्यानंही माती काळी दिसते. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या पालापाचोळ्यातला, मुळांतला कार्बन, ०.५ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे चांगला. आणि चुनखडीतला कर्ब यात धरत नाहीत बरं का, पिकाला त्याचा उपयोग नाही.

आम्ही मोजतो कसं तर चाळलेल्या मातीत डायक्रोमेट नावाचं रसायन टाकतो, अगदी आपल्या संत्र्याच्या रंगाचं, वरून कडक सल्फ्युरिक ॲसिड. कर्ब जितका जास्त तितकं ते नारंगी पाणी हिरवट होत जातं, काही सॅम्पल तर जवळपास नारंगीच राहतात, तेव्हा आकडा काढायच्या आधीच आम्हाला समजतं.

मग कर्ब जातो कुठं? घरी एक करून बघा. वावरातलं एक सुकं ढेकूळ घ्या आणि एक धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, जिथं कधी नांगर लागला नाही. काचेच्या दोन ग्लासात पाणी घेऊन अलगद सोडा. वावरातलं बहुतेक वेळा बघता बघता फुटून खाली गाळ होतं, धुऱ्यावरचं बराच वेळ तग धरतं. त्या ढेकळाच्या पोटात पालापाचोळ्याचे, मुळांचे तुकडे दडलेले असतात, तिथं हवा कमी आणि जीवाणू पोचत नाहीत. रोटावेटर फिरला की ढेकळं फुटतात, दडलेला माल उघडा पडतो, मृगाच्या पहिल्या सरी आल्या की जीवाणू एकदम जागे होऊन त्याच्यावर तुटून पडतात आणि कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत. त्यातला नायट्रोजन मात्र पिकाला मिळतो, म्हणून पडीत जमीन नव्यानं काढली की पहिली काही वर्षं पीक जोरात येतं. लोक म्हणतात जमीन लई भारी आहे, खरं तर ठेवीतून पैसे काढणं चालू असतं.

यात सगळ्यात आधी संपतो तो ताजा, हलका भाग, काडीकचरा, साखरेसारखी, सेल्युलोजसारखी द्रव्यं. मागं उरतं ते चिकणमातीला धरून बसलेलं जुनं द्रव्य, ज्यात एका भाग नायट्रोजनला साधारण १०-१२ भाग कर्ब असतो. ते लवकर सडत नाही, पण पिकाला देतंही हळूहळूच. म्हणून दोन वावरांचा आकडा सारखा आला तरी माती सारखी नसते, हे रिपोर्टवर दिसत नाही.

आता खताचं. एका एकराची वरची ६ इंच माती साधारण ९ लाख किलो भरते, म्हणजे कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर ९०० किलो कर्ब पाहिजे. एक टन ओलसर शेणखतात तो १००-१५० किलोच्या आसपास, त्यातलाही बराचसा एक-दोन वर्षांत उडतो. त्यामुळे "एका ट्रॉलीत कर्ब डबल" म्हणणारा कोणी आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा, आम्ही खत विकतो तरी हेच सांगतो. कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, वावरातच राहू द्या, पराट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळू नका, बारीक करून जमिनीवर पसरा. पण पराट्या तशाच मातीत गाडल्या तर जीवाणू मातीतला नायट्रोजन खेचून घेतात आणि पीक पिवळं पडतं, म्हणून पेरणीच्या बरंच आधी गाडा नाहीतर थोडा युरिया सोबत द्या. उन्हाळ्यातली खोल नांगरटी बंदच करा असं नाही, अळ्यांचे कोष वर येऊन मरतात ते खरंच आहे, पण दरवर्षी नांगर आणि वरून दोन-तीनदा रोटावेटर, एवढं काहून?

सॅम्पल काढताना इंग्रजी व्ही अक्षरासारखा ६ इंच खड्डा करा, झाडाखालची, धुऱ्याजवळची, उकिरड्याची माती नको. कर्ब परत तपासायचा तर दोन-तीन वर्षांनी, त्याच जागी, त्याच महिन्यात, दर सहा महिन्याला येऊन पैसे घालवू नका. माती सावलीत सुकवून अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत आणा, युरियाच्या रिकाम्या थैलीत आणली तर नायट्रोजनचा आकडा असा काही येतो की आम्हीच हसतो.