उथळ पाण्यात बोट मागून का बसते?

पाणी उथळ असेल तर बोट हळू न्यावी, असा सल्ला कुणीही देतो. तो अर्धाच खरा आहे. अगदी सावकाश गेलं तर तळ लागत नाही आणि पुरेशा वेगाने गेलं तरी लागत नाही. तळ लागतो मधल्या वेगाला, आणि नेमका तोच वेग बहुतेकांना जपून चालवल्यासारखा वाटतो.

नाशिक जिल्ह्यात हे समजून घ्यायला हवं, कारण इथली बहुतेक मासेमारी धरणांच्या पाण्यात चालते. गंगापूर, दारणा किंवा गिरणा भरलं की कडेची सपाट जमीन अर्धा-एक मीटर पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावर जिथे गाळपेर होते, तीच ही जमीन. तिलापिया घरटी करायला अशाच उथळ्यावर येतो, त्यामुळे जाळीही तिथेच लागतात. आणि तिथेच जुने शेतबांध, झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे पाण्याखाली दडलेले असतात. (नांदूर मध्यमेश्वरचं पाणीही असंच गाळाने उथळ झालेलं आहे. पण 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या त्या अभयारण्यात मोटारबोटीचा विषय काढूच नये.)

अशा पाण्यासाठी कॅटमरान सोयीची. दोन अरुंद धडं, म्हणजे पाण्यात तरंगणारे होडीसारखे भाग, समांतर ठेवायची आणि वरून डेकने जोडायची. हिशेबासाठी एक बोट धरू : लांबी 5 मीटर, प्रत्येक धड 60 सेंटिमीटर रुंद, दोन्ही धडांच्या मध्यरेषांत अंतर दीड मीटर. दोन माणसं, 15 अश्वशक्तीची मोटार, जाळी आणि बर्फाची पेटी धरून एकूण वजन 600 किलो. दोन्ही धडं मिळून पाण्यावरचं क्षेत्रफळ 6 चौरस मीटर होतं, म्हणजे उभी असताना ही बोट पाण्यात जेमतेम 10 सेंटिमीटर बुडते. पुढची टोकं निमुळती असल्याने प्रत्यक्षात 12 धरा. त्यापुढे दर 50-60 किलो माशांमागे एक सेंटिमीटर.

हा आकडा बोट उभी असतानाचा. चालू लागली की हिशेब बदलतो.

पुढे सरकणाऱ्या बोटीला वाट देण्यासाठी समोरच्या पाण्याला बाजूने आणि खालून मागे जावं लागतं. खोल पाण्यात खाली जागाच जागा असते. तळ आणि बोट यांच्यात 40 सेंटिमीटरच उरले असतील, तर तेवढंच पाणी अरुंद फटीतून जातं आणि त्यासाठी त्याला वेग वाढवावा लागतो. वेग वाढला की दाब उतरतो, हे आपण शाळेत बर्नुलीच्या नावाने शिकलेलो असतो. दाब उतरल्याने बोटीभोवतीची पाण्याची पातळीच खाली जाते आणि बोटही तिच्यासोबत उतरते. वजन तेवढंच असतं, पण बोट एका खळग्यात बसलेली असते आणि तो खळगा तिच्याबरोबर चालत असतो.

एवढ्यावर भागलं असतं तर वेग वाढेल तशी बोट थोडी थोडी बसत गेली असती. पण इथे लाटेचा एक नियम आडवा येतो, आणि सगळी गंमत त्या नियमातच आहे.

खोल पाण्यात लाट जितकी लांब तितकी ती वेगाने धावते. उथळ पाण्यात या वेगाला छत असतं. लाटेखालचे पाण्याचे कण गोल गोल फिरतात. तळ जवळ आला की ही वर्तुळं चपटी होत जातात आणि लाट कितीही लांब केली तरी एका मर्यादेपलीकडे तिचा वेग वाढत नाही. ही मर्यादा म्हणजे गुरुत्व त्वरण आणि पाण्याची खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. खोली अर्धा मीटर असेल तर ताशी 8 किलोमीटर, एक मीटरला 11.3, दोन मीटरला 15.9 आणि तीन मीटरला 19.5. यात बोटीचं वजन, आकार, मोटार काहीही येत नाही. फक्त खोली.

आता बोटीकडे वळू. चालती बोट आपल्यामागे आडव्या लाटांची रांग ओढत नेते. या लाटा बोटीच्या बरोबरीने चालतात, म्हणजे त्यांचा वेग बोटीएवढाच असतो. मात्र लाटेचा माथा ज्या वेगाने पुढे जातो, त्याच वेगाने लाटेतली ऊर्जा जाईल असं नाही. खोल पाण्यात ऊर्जा माथ्याच्या निम्म्या वेगाने जाते. त्यामुळे बोटीने लाटांना दिलेली ऊर्जा सतत मागे पडत राहते. तेच मागे लांबवर दिसणारं खळबळतं पाणी. पाणी उथळ होत गेलं की ऊर्जेचा वेग माथ्याच्या वेगाच्या जवळ येऊ लागतो. बोट त्या छताच्या वेगाला पोचली की दोन्ही सारखे होतात. मग मोटार देते ती ऊर्जा मागे सुटण्याऐवजी बोटीजवळच साचते. पुढे पाण्याचा जाड उंचवटा, मागच्या अंगाला खोल घळ, आणि बोट नाक वर करून मागून बसलेली. मोटारीचा पंखा मागेच असल्याने तळाला सगळ्यात आधी तोच लागतो.

वेग याच्याही पुढे गेला तर आडव्या लाटांना बोटीची बरोबरी करता येत नाही आणि त्या गळून पडतात. उरतात फक्त तिरप्या लाटा. बोट खळग्यातून बाहेर येते, नाक खाली उतरतं आणि पाण्याचा विरोध कमी होतो. कधी कधी तो त्याच वेगाच्या खोल पाण्यातल्या विरोधापेक्षाही थोडा कमी भरतो.

हे ज्ञान जुनं आहे. 1834 साली एडिंबराजवळच्या युनियन कालव्यात जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने पाहिलं, की घोडे ओढत असलेली बोट अचानक थांबली तरी तिच्या नाकाशी साचलेला पाण्याचा उंचवटा एकटाच पुढे निघाला. रसेलने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. त्याच्या नोंदीत वेग आहे ताशी आठ-नऊ मैल, म्हणजे 13 ते साडेचौदा किलोमीटर. वरचं सूत्र उलटं लावलं तर खोली निघते 1.3 ते 1.65 मीटरच्या आसपास, आणि कालव्याला ती शोभते. त्याच काळात स्कॉटलंडमध्ये कालव्यातल्या हलक्या प्रवासी बोटी घोडे पळवून या लाटेच्या वेगापुढे नेत, कारण तिथे ओढायला कमी जोर लागे.

धरणात अमक्या जागी पाणी बोट धरून ठेवतं, खाली बुडालेल्या देवळाचा कोप आहे, असं काही ठिकाणी सांगितलं जातं आणि मग तिथे नारळ सोडले जातात. त्या जागी बांबू टाकून बघावा. सपाट उथळा सापडण्याची शक्यता फार मोठी. कोप फक्त मधल्या वेगाने जाणाऱ्यांवर होतो आणि वल्ह्याने जाणाऱ्याला माफी मिळते, यातच उत्तर आहे.

व्यवहारात हे असं वापरायचं. एका बांबूवर दर 25 सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारून ठेवा. त्या खोलीच्या छताच्या वेगाच्या 0.7 पटीखाली राहा, नाहीतर 1.2 पटीच्या वर जा. मधला पट्टा वर्ज्य. एक मीटर पाण्यात ताशी 8 च्या खाली किंवा साडेतेराच्या वर. अर्ध्या मीटरमध्ये साडेपाचच्या खाली किंवा साडेनऊच्या वर, पण अर्ध्या मीटरमध्ये वेगाचा पर्याय कागदावरच ठेवावा. वेगाने उथळा ओलांडायचा असेल तर वेग खोल पाण्यातच घ्या, उथळ्यावर जाऊन नाही. तीन मीटरमध्ये ताशी 14 घेऊन निघालात तर उतारावर दीड मीटर खोलीच्या आसपास तुम्ही छत ओलांडता. त्या क्षणी मोटारीचा आवाज जड होतो आणि मागे पाण्याची आडवी भिंत उठल्यासारखी दिसते. घाबरून थ्रॉटल (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी मूठ) सोडू नका. दीड मीटरमध्ये पंख्याखाली अजून जागा असते. इथेच वेग कमी केलात तर बोट नेमकी उथळ्यावर बसेल. थ्रॉटल एकदम सोडण्याचा दुसरा तोटा असा, की मागून येणारी आपलीच लाट बोटीला गाठते आणि मोटारीजवळच्या बुटक्या फळीवरून आत येते. हे सगळं तळ ओळखीचा असेल तर. बांध आणि बुंधे माहीत नसतील तर फक्त हळूचा पट्टा.

कॅटमरानचा फायदा इथे दिसतो. लांबी भागिले रुंदी, प्रत्येक धडाचं गुणोत्तर आठच्या वर. बारीक धड पाणी कमी ढकलतं, त्यामुळे उंचवटा लहान राहतो आणि तो ओलांडायला 15 अश्वशक्तीही पुरते. तोटाही याच रचनेत आहे. दोन्ही धडांच्या आतल्या बाजूच्या लाटा मधल्या बोगद्यात एकमेकींना भेटतात आणि त्यांचा माथा डेकच्या खालच्या बाजूला आपटतो. डेक पाण्यापासून निदान 30 सेंटिमीटर वर हवा. बोगद्यातलं पाणी फेसाळ असतं, म्हणून मधोमध लावलेली एकच मोटार मध्येच हवा ओढते, पंखा रिकामा फिरतो आणि बोटीचा जोर जातो. उपाय दोन : मोटार थोडी खाली घ्या किंवा प्रत्येक धडामागे एक अशा दोन लहान मोटारी लावा. पहिला उपाय उथळ पाण्यात महाग पडतो, कारण पंख्याखालचं टोक आधीच धडाच्या तळापेक्षा 25 ते 28 सेंटिमीटर खाली असतं. दोन मोटारी असल्या की एक पुढे आणि एक मागे चालवून बोट जागच्या जागी वळते. गाळात मोटारीच्या थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली तर लगेच बंद करा. पंपात चिखल गेलेला असतो.

वजन मधोमध ठेवा. धडांची पुढची टोकं बारीक असल्याने तिथे जादा तरंगण्याची ताकद नसते. बर्फाची पेटी पुढे सरकवली की नाक खुपसतं.

आता स्थैर्य. दोन धडं एकमेकांपासून दूर असल्याने पाण्यावरच्या क्षेत्रफळाचा कलण्याला होणारा विरोध, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या 1.2 मीटर रुंद एकेरी होडीच्या सुमारे पाच पट भरतो. दोन माणसं एका कडेला उभी राहून जाळं ओढतात तेव्हा एकेरी होडी नऊ-दहा अंश कलते, ही दोनच. म्हणून जाहिरातीत ‘न उलटणारी बोट’ लिहिलेलं सापडतं. ते खोटं आहे. साडेसात अंशांच्या आसपास एक धड पाण्याबाहेर येतं आणि तिथून पुढे सावरण्याची ताकद वाढत नाही, घटत जाते. उलटलेली कॅटमरान उलटी राहण्यात तितकीच स्थिर असते.

या स्थैर्याचा एक कमी माहीत असलेला धोका आहे : बोट गळती लपवते. एका धडात 60 लिटर पाणी साचलं तरी ती एक अंशसुद्धा कलत नाही. ते धड दोन सेंटिमीटर खाली जातं आणि डोळ्यांना काही कळत नाही. पण वेग बदलताना तेच पाणी धडात पुढे-मागे धावतं. म्हणून दोन्ही धडांची झाकणं रोज निघण्याआधी उघडून पाहायची, आणि धडात आडवे पडदे घालून तीन तरी बंद कप्पे करायचे. कप्प्यांत थर्मोकोल भरायचा असेल तर पेट्रोलची टाकी आणि नळी त्यापासून लांब ठेवा, कारण थर्मोकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. पॉलिएस्टर रेझिनमध्येही विरघळतो. थर्मोकोलवर थेट फायबरचं काम करायचं असेल तर एपॉक्सीच घ्यावी लागते.