इंग्रजीत पत्र पाठवताय? मग पाच मिनिटं हे वाचा

आमच्याकडे धंद्याची इंग्रजी पत्रं लिहून घ्यायला येणाऱ्या दहातल्या आठ जणांची मागणी एकच, 'मॅडम, इंग्रजी जरा भारी करून द्या.' भारी म्हणजे काय, तर लांबलचक, साहेबी थाटाचं. पण पत्र वाचणाऱ्याला तुमच्या इंग्रजीचं कौतुक नसतं हो, त्याला फक्त कळायला हवं असतं की तुम्हाला नक्की काय पाहिजे.

आता हे बघा, भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्या काकांनी आणलेलं पेमेंटचं रिमाइंडर: 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू अबव्ह सब्जेक्ट, वी बेग टू स्टेट दॅट पेमेंट इज पेंडिंग सिन्स लाँग, काइंडली डू द नीडफुल.' बिल कुठलं, रक्कम किती, कधीपर्यंत द्यायची, काहीच नाही! समोरच्या अकाउंट्सवाल्याने शोधायचं तरी काय? त्याने ते बाजूला ठेवलं आणि काका नुसते फोन करत बसले. आम्ही दोन ओळी केल्या: 'इन्व्हॉइस ११८ फॉर रुपीज ८४,६०० वॉज ड्यू ऑन १२ जून. प्लीज पे इट बाय ३० जून.' सोबत बिलाची आणि माल मिळाल्याची सही असलेल्या डिलिव्हरी चलनाची कॉपी. बस्स. 'बेग' कशाला करायचं, पैसे आपलेच आहेत ना.

तरीही पैसे आले नाहीत तर दुसऱ्या पत्रात कायद्याची एक ओळ घालायची, आणि ही ओळ खरंच कामाची आहे. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि युनिट सूक्ष्म किंवा लघु असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढची मुदत करारातसुद्धा ठरवता येत नाही, लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' नावाच्या दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पहिल्याच पत्रात मात्र हे नको, उगाच संबंध बिघडतात.

आता इंग्रजीच्या चुका. सगळ्याच चुका महागात पडत नाहीत. 'डिस्कस अबाउट' लिहिलंत तर नुसतं 'डिस्कस' पुरतं एवढंच, 'रिव्हर्ट बॅक' पेक्षा साधं 'रिप्लाय' बरं, आणि 'सिन्स टू मन्थ्स' नाही, 'फॉर टू मन्थ्स'. 'प्रीपोन'ला (म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं) शाळेत ओरडा खाल्लेल्यांसाठी खुशखबर, तो शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, फक्त परदेशातल्या पार्टीला कळेलच असं नाही.

खरं नुकसान होतं ते बाहेरगावच्या, म्हणजे बाहेर देशातल्या व्यवहारात. '०५/०६' ही तारीख लंडनवाला ५ जून वाचतो आणि न्यूयॉर्कवाला ६ मे. म्हणून महिना अक्षरात लिहा, कायम. (आमचीच एक डिलिव्हरीची तारीख अशी हुकली होती, तेव्हापासून आम्ही भिंतीवर कागद चिकटवलाय.) लाख आणि कोटीही तिकडे चालत नाहीत, १२,५०,००० असा स्वल्पविराम बघून माणूस गोंधळतो, तिथे १,२५०,००० असंच लिहायचं. आणि 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर कोटेशन' हे तर अजिबात नको, आपल्याला विचारायची असते शंका आणि त्याला वाटतं आपण त्याच्या कोटेशनवर संशय घेतोय, 'क्वेश्चन' लिहा.

कोटेशनच्या पत्रात 'वी आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर ऑफ बेस्ट क्वालिटी' लिहून काही होत नाही, सगळेच लिहितात. तुमचं मशीन किती मायक्रॉनपर्यंत (मिलिमीटरचा हजारावा भाग) अचूक काम करतं, सॅम्पल किती दिवसांत देता, नग खराब निघाला तर काय करता, हे लिहा. जे खरं नाही ते आम्ही लिहून देत नाही, आधीच सांगतो.

पत्र करून घ्यायचं असेल तर पीओ (परचेस ऑर्डर) आणि बिलाचा स्पष्ट फोटो, आधी झालेले मेल आणि काय हवंय त्याची मराठीतच व्हॉइस नोट पाठवा, अगदी चिडून बोललात तरी चालेल, चिडलेल्या नोटमध्येच नेमकी रक्कम आणि तारीख सापडते.