छपरातलं तेल शर्टावर का पडतं

पुण्यात छप्पर उघडणारी गाडी पाळणं हा तसा येडेपणाच, चार महिने पाऊस, चार महिने ऊन आणि उरलेले चार महिने कुठल्यातरी उड्डाणपुलाच्या कामाची धूळ. तरी पण वीस-पंचवीस वर्षं जुन्या कन्व्हर्टिबल आहेत इथे, रविवारी सकाळी मुळशीच्या रस्त्याला एखादी हमखास दिसते. आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते, की समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीतून, सन व्हायझरच्या मागून तेल ठिबकतं. पावसाचं पाणी आलं असतं तर कळलं असतं, पण डोक्यावर तेल येतंय कुठून?

तर होतं असं की छप्पर नुसतं मागे दुमडून चालत नाही, पुढे काचेच्या पट्टीला ते घट्ट अडकावं लागतं, आणि ते अडकवायचं कामही बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक सिलिंडरच करतो, म्हणजे तेलाच्या दाबावर हलणारा सिलिंडर. मोटर आणि पंप मागे डिकीत, तिथून शिसपेन्सिलीपेक्षा बारीक नळ्या गाडीच्या अंगातून फिरत पार पुढपर्यंत आलेल्या. १९८९ साली आलेल्या मर्सिडीज एसएलमध्ये, म्हणजे आर१२९ मॉडेलमध्ये, असे दहा-बारा सिलिंडर एकापाठोपाठ एक ठरलेल्या क्रमाने हलतात आणि बटण दाबून धरलं की अर्ध्या मिनिटात सगळं छप्पर झाकणाखाली गडप. बघायला फार भारी वाटतं, दुरुस्त करायला तेवढं नाही.

एवढ्याशा सिलिंडरात ताकद कुठून येते? शाळेत पास्कलचा नियम शिकलो होतो ना, बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, तोच इथे. या सिस्टिममध्ये दाब १०० बार किंवा त्याहूनही जास्त जातो, आणि कारच्या टायरमध्ये असतो साधारण सव्वादोन बार, म्हणजे अंदाज घ्या. १०० बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १० न्यूटन. सिलिंडरात तेलाने ढकलला जाणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन, त्याचा व्यास १६ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ २०१ चौरस मिलिमीटर, जोर झाला २००० न्यूटन, म्हणजे २०० किलो वजन उचलायची ताकद, ती पण बोटाएवढ्या सिलिंडरात! उलट्या दिशेने ओढताना पिस्टनला जोडलेला, सिलिंडरातून बाहेर येणारा रॉड जागा खातो, रॉड ८ मिलिमीटरचा असेल तर ताकद दीडशे किलोवर येते.

आता हे एवढं दाबातलं तेल बाहेर यायला अडवतं कोण, तर रॉडभोवती बसलेली एक रबराची किंवा पॉलियुरेथेन नावाच्या रबरासारख्या प्लॅस्टिकची कडी. सील. सीलला दोन ओठ असतात, मधे खाच, आणि तेल त्या खाचेत घुसून ओठ दोन्ही बाजूंना फाकवतं, एक ओठ रॉडवर दाबला जातो आणि दुसरा बाहेरच्या भिंतीवर. म्हणजे दाब जेवढा जास्त तेवढं सील जास्त घट्ट बसतं. मला या सगळ्या मशिनरीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. पण याचीच दुसरी बाजू अशी, की दाब कमी असताना सीलला फक्त स्वतःच्या लवचिकतेवर भागवावं लागतं, आणि वय झालं की तीच आधी जाते. म्हातारं सील ऐन दाबात नीट वागतं आणि छप्पर सुरू होताना, थांबताना किंवा गाडी उन्हात नुसती उभी असताना थेंब सोडतं. मग मालक गोंधळतो, की छप्पर तर झकास चालतंय, मग गळतंय काय?

आणि सील जातं ते फक्त घासून जातं असं नाही, खरी गडबड केमिस्ट्रीची असते. पॉलियुरेथेनच्या बऱ्याच प्रकारांत एस्टर नावाचे रासायनिक बंध असतात, हवेतली ओल त्यांच्यात शिरून हळूहळू ते बंध तोडत राहते, याला हायड्रोलिसिस म्हणतात. माळ्यावर पाच-सात वर्षं ठेवलेले ट्रेकिंगचे बूट काढून सिंहगडावर गेलं आणि निम्म्या वाटेत तळ सुटून आला, असं पुण्यात दर घरटी एकाचं तरी झालेलं असतं, ते हेच. वापरले नाहीत तरी गेले. तापमान वाढलं की हे काम जोरात होतं, ढोबळ हिशोब असा की दर १० अंशांना रिअ‍ॅक्शनचा वेग दुप्पट, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या काचेवरच्या पट्टीला हात लावून बघा म्हणजे पुढचा सिलिंडर आधी का जातो ते कळेल. जुनी सीलं काढताना हातात पिठूळ, चिकट चुरा येतो ते यामुळे.

सगळेच गळके सिलिंडर बाहेर ठिबकत नाहीत हे पण सांगून ठेवतो. रॉडवरचं सील गेलं तर तेल बाहेर येतं, पण आतल्या पिस्टनवरचं सील गेलं तर तेल आतल्या आत एका बाजूकडून दुसरीकडे जातं, खाली थेंब नाही, तेलाच्या टाकीची लेव्हल जिथल्या तिथे, फक्त छप्पर रडत रडत वर येतं नाहीतर अर्ध्यात सोडलं की हळूच खाली बसतं. अशा वेळी आधी बॅटरी मात्र तपासा, पंपाची मोटर भरपूर करंट खाते आणि मरत आलेल्या बॅटरीवर छप्पर असंच रडतं.

लेव्हल कमी झाली की लोक सगळ्यात वाईट जे करतात ते म्हणजे घरात पडलेलं ब्रेक ऑइल ओततात. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन कन्व्हर्टिबलमध्ये खरंच ब्रेक ऑइल असायचं, त्यामुळे ही अक्कल अगदीच हवेतून आलेली नाही. पण ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं, हवेतलं पाणी शोषणारं, आणि त्याच्यासोबत ईपीडीएम नावाचं रबर चालतं. नंतरच्या युरोपियन गाड्यांत खनिज किंवा सिंथेटिक हायड्रॉलिक तेल असतं, तिथे ईपीडीएम घातलं तर ते तेल पिऊन फुगतं. तिथे नायट्राइल रबर लागतं, फार गरम जागा असेल तर व्हायटॉन नावाचं रबर, आणि त्या नायट्राइलला ब्रेक ऑइल सोसत नाही. रबर आणि तेल एकाच स्वभावाचे निघाले की तेल रबरात शिरतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. भोसरीत हायड्रॉलिक सीलच्या दुकानात, जिथे जेसीबी आणि इंजेक्शन मोल्डिंगवाल्यांची गर्दी असते, तिथला चांगला माणूस माप घ्यायच्या आधी विचारतो, "साहेब, तेल कुठलंय?" तो प्रश्न विचारत नसेल तर दुसरं दुकान बघा.

नवा सिलिंडर मागवला तर किंमत ऐकून गाडी विकावीशी वाटते, आणि पूर्वी नाईलाजाने तोच घालायचे, पण आतला धातू बहुतेक वेळा ठणठणीत असतो, म्हणून नुसती सीलं बदलून भागतं. सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी, काढून उघडणारा सिलिंडर असेल तर काम सोपं, कारखान्यातच दाबून बंद केलेला असेल तर लेथवाल्याकडे कापून त्याला आटे पाडावे लागतात. रॉडवर नख फिरवून बघायचं, नख अडकलं तर ओरखडा आहे आणि नवं सीलही तो चार दिवसांत कापून टाकणार, त्यामुळे आधी रॉड.

गळती शोधताना चालू सिस्टिमच्या नळीवर बोट फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून १०० बारचं तेल कातडीच्या आत शिरतं, वरून दिसतं टोचल्यासारखं आणि आत बोट जायची वेळ येते, असं झालं तर ताबडतोब हॉस्पिटल. पुठ्ठा धरा, डाग पडला की जागा कळली. आणि नळी सोडायच्या आधी छपराला खालून टेकू, दाब गेला की ते कुणाची वाट बघत नाही.

परत बसवल्यावर पहिल्या काही वेळा छप्पर झटके देत चालतं कारण तेलात हवा असते. तेल १०० बारला एक टक्काही दबत नाही, हवा मात्र चिमटीएवढी होते. बऱ्याच गाड्यांत छप्पर पूर्ण उघड-बंद करत राहिलं की हवा आपोआप टाकीत येते, मधेमधे पंपाला गार होऊ द्यायचं, आणि लेव्हल बघायची ती मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीतच, कारण रॉड आत असताना आणि बाहेर असताना सिलिंडरात मावणारं तेल वेगवेगळं.

राहिला प्रश्न एकच सिलिंडर करायचा की सगळे. बाकीचेही त्याच वर्षी, त्याच मटेरियलच्या सीलने भरलेत आणि तेवढेच पावसाळे त्यांनीही काढलेत, म्हणून मी तरी सिलिंडरापर्यंत पोचायला छपराचं अस्तर एकदा उघडलंय तर सगळे काढून घेईन, अस्तर परत खोलायची मजुरी सीलच्या किमतीपेक्षा जास्त पडते.